शाहिराचा डफ आणि कॅसेटचा ठेका



गेल्या महिन्यात भालकी तालुक्यातील एका वृद्ध शाहिरांना भेटण्याचा योग आम्हांस आला. भिंतीवरच्या खुंटीला डफ टांगलेला होता. आमची नजर तिकडे जाताच ते म्हणाले, "फादर, ह्याला शेकून वीस वर्षं झाली बघा." डफाचे कातडे विस्तवावर शेकल्याखेरीज त्यास आवाज चढत नाही, हे आपण जाणताच.

अफझलखानवधावर अज्ञानदासाने रचलेल्या पोवाड्यापासून ही कला चालत आलेली आहे. एका प्रसंगाचे आख्यान तासभर चालावे, झीलकऱ्यांनी 'जी जी' म्हणून सूर उचलून धरावा आणि गावाने मांडी घालून ऐकावे, ही तिची रीत.

पुढे १९८०च्या दशकात खेडोपाडी टेपरेकॉर्डर आले. १९८०च्या 'कुर्बानी' चित्रपटातील नाझिया हसन यांचे गाणे व १९८१ची त्यांची 'डिस्को दीवाने' यांनी नाचाचा ठेका घरोघरी नेला. कॅसेट काढण्यास खर्च थोडा. म्हणून मोठ्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी ज्यांना कधी विचारले नसते, अशा लोकगायकांचाही आवाज दूरवर पोहोचला. हा लाभ आम्ही नाकारीत नाही. मात्र त्या बाजारात तासाभराच्या आख्यानापेक्षा पाच मिनिटांच्या ठेक्याला मागणी अधिक होती.

आमच्या शाहिरांनाही एका कॅसेटवाल्याने सांगितले, "पोवाडा खपत नाही, नाचाचे गाणे म्हणा." त्यांनी दोनदा नकार दिला. तिसऱ्या खेपेस मुलीच्या लग्नाचे कर्ज डोक्यावर होते, ते गायले. "लोक मला त्या गाण्यानं ओळखू लागले. कर्ज फिटलं, पोरं शिकली. पण पोवाडा म्हणा, असं पुन्हा कोणी म्हटलं नाही."

त्यांना दोष देण्यास आमची जीभ धजावत नाही. ठेक्याचे गाणे हलकेच असते, असेही आम्ही म्हणणार नाही. मंगळवेढ्याचे प्रल्हाद शिंदे यांनी विठ्ठलाची गीते गायिली आणि भीमगीतेही गायिली. त्यांचे पुत्र आनंद शिंदे यांचे 'नवीन पोपट हा' त्याच दशकात कॅसेटवरून गावोगाव वाजले. तेही भीमगीते गातात. एकाच घराण्यात भक्ती, चळवळ आणि करमणूक सुखाने नांदली. नाचण्यात पाप नाही; परंतु केवळ नाचच मागत राहिल्याने गायकाच्या गळ्यातील उरलेले सारे मुके होते. तो दोष ऐकणाऱ्यांचा, म्हणजे आपला आहे. लग्नात, सणात आपण ज्याची सुपारी देतो, तेच गायिले जाते.

असो. यंदा धर्मग्रामाच्या सणाला बॅंड येईलच. मुलांनी खुशाल नाचावे. तत्पूर्वी अर्धा तास शाहिरांस द्यावा, अशी आमची विनंती आहे. ते येण्यास राजी आहेत. त्यांनी एवढेच विचारले, "फादर, बसून ऐकतील ना?" आम्ही आपल्या भरवशावर होकार दिला आहे.