कच्चे कैदी आणि विधी शाखेचे विद्यार्थी

फौजदारी खटल्यातील बचाव म्हटला की उलटतपासणी आणि अंतिम युक्तिवाद डोळ्यांपुढे उभे राहतात. गरीब आरोपीचा बचाव मात्र अनेकदा त्याच्या कितीतरी आधी, एखाद्या कागदापायी अडलेला असतो. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोफत विधी साहाय्य हा आरोपीचा हक्क असल्याचे महाराष्ट्रातील ज्या होसकोट प्रकरणात सांगितले, त्याच्या मुळाशीही कागदच होता. उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत कैद्याला मिळाली की नाही, हाच वाद होता आणि त्यात सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावण्यास चार वर्षांहून अधिक विलंब झाला होता. न्या. कृष्णा अय्यर यांनी ही प्रत विनामूल्य देणे आणि कैद्याची पोच घेणे तुरुंग प्रशासनावर बंधनकारक केले.

२०२२ अखेरच्या अधिकृत आकडेवारीनुसार देशातील ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते. यातील काहींना जामीन मंजूर होऊनही बाहेर पडता येत नाही. स्थानिक जामीनदार मिळत नाही, ऐपतीचा दाखला मिळत नाही. कधी आदेश झाल्याचे घरच्यांना कळतच नाही. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर सविस्तर निर्देश दिले. सात दिवसांत सुटका न झाल्यास तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे आणि महिनाभरात जामिनाची पूर्तता न झाल्यास न्यायालयाने स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करावा. पुढे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने प्रथमच गुन्ह्यात अडकलेल्यास कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश कालावधीनंतर सुटकेची तरतूद केली. फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असलेले आरोपी तिच्याबाहेर आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये जुन्या प्रकरणांतील कैद्यांनाही हे कलम लागू असल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले.

परंतु हा हिशेब करणार कोण? अटकेची तारीख, लावलेली कलमे, दुसऱ्या जिल्ह्यातील जुने प्रकरण, गावाकडचा पत्ता, रोजनाम्यातील तारखा हे सारे कोणीतरी बसून जुळवावे लागते. या कामाला सनद लागत नाही. चिकाटी लागते, आणि कायद्याचे प्राथमिक ज्ञान पुरेसे होते. विधी महाविद्यालयातील अंतिम वर्षाचा विद्यार्थी नेमका इथे उपयोगी पडू शकतो.

शिक्षणाचे नियम याच्या आड येतात असेही नाही. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार प्रत्येक महाविद्यालयात विधी साहाय्य केंद्र असणे आणि ते ज्येष्ठ प्राध्यापकाच्या देखरेखीखाली अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी चालवणे अपेक्षित आहे. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवड्यांचा प्रत्यक्ष अनुभवही सक्तीचा आहे. मात्र, गुणांच्या तपशिलात शिरले की चित्र पालटते. दोन खटले पाहायचे, पक्षकाराच्या दोन मुलाखती पाहायच्या, कागदपत्रे कशी तयार होतात ते पाहायचे आणि रोजवहीत लिहायचे! म्हणजे गुण मिळतात ते पाहण्याचे. मग रोजवही एकमेकांच्या वह्यांवरून उतरवली गेली, तर दोष एकट्या विद्यार्थ्याचा कसा मानायचा? केंद्राचा वार्षिक अहवालही बहुधा साक्षरता शिबिरांच्या संख्येनेच भरतो.

अमेरिकेत अनेक राज्यांमध्ये विद्यार्थ्याला पर्यवेक्षक वकिलाच्या जबाबदारीवर न्यायालयात उभे राहता येते. १९७२ च्या आर्गरसिंगर प्रकरणात न्या. ब्रेनन यांनी गरिबांच्या बचावातील विद्यार्थ्यांच्या वाट्याचा आवर्जून उल्लेख केला होता. आपल्याकडे अॅडव्होकेट्स अॅक्टनुसार वकिली हा सनदधारकांचाच अधिकार आहे. कलम ३२ खाली न्यायालय एखाद्या प्रकरणापुरती परवानगी देऊ शकते, पण तो अपवाद झाला. तूर्त त्याचा आग्रह धरण्याचे कारण नाही. गरज आहे ती न्यायालयाच्या पायरीपर्यंतच्या कामाची.

दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने ते करून दाखवले. फाशीच्या कैद्यांविषयीच्या २०१६ च्या अहवालासाठी विद्यार्थ्यांनी तुरुंगोतुरुंगी आणि कुटुंबांपर्यंत जाऊन मुलाखती घेतल्या. ३८५ पैकी ३७३ कैद्यांची माहिती त्यात आली. याच विद्यापीठातील प्रकल्पाने पुढे पुण्यातील १९९४ च्या हत्याकांडातील एका कैद्याची बाजू लढवली. राजस्थानातील शाळेच्या नोंदवहीवरून गुन्ह्याच्या वेळी तो अवघ्या साडेबारा वर्षांचा होता असे सिद्ध झाले आणि मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची सुटका केली. तोवर त्याची २८ वर्षे तुरुंगात गेली होती. वयाचा तो पुरावा शाळेच्या दप्तरात होता, तो शोधणारा हवा होता.

अर्थात, गरीब आरोपी म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरावाचे साहित्य नव्हे. वकिलाला सांगितलेल्या गोष्टींना कायद्याचे गोपनीयतेचे कवच आहे. ते वकिलाच्या कारकुनाला व दुभाष्यालाही मिळते. पण विद्यार्थ्याचा उल्लेख तिथे नाही. त्यामुळे गुन्ह्याच्या हकिगतीत विद्यार्थ्याने शिरू नये, जामीन, पत्ता, कुटुंब आणि तारखा यांपुरतेच राहावे, हेच शहाणपणाचे. पहिल्या भेटीला पॅनेलवरील वकील सोबत हवाच.

खरी अडचण देखरेखीची आहे. पूर्णवेळ पगारी प्राध्यापकाला वकिली करता येत नाही, म्हणजे केंद्राचा प्रमुख स्वतः वकीलपत्र दाखल करू शकत नाही. वकिली सांभाळून शिकवणारे अर्धवेळ शिक्षक या कामाला सर्वाधिक योग्य. पण तासिका तत्त्वावरील शिक्षकाला मानधन मिळते ते वर्गातील तासाचे. विद्यार्थ्यांना घेऊन येरवड्याला किंवा तळोज्याला घालवलेली दुपार त्या हिशेबात येत नाही. विद्यापीठांनी तो तास अध्यापनाचा धरावा आणि रोजवहीचे गुण पूर्ण केलेल्या एका जामीन प्रकरणाला द्यावेत, इतका बदल तरी येत्या शैक्षणिक वर्षापासून करता येण्याजोगा आहे.