काय घडले ते लिहा

मुसोलिनीची गोष्ट आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकली आहे, आणि अनेकांनी ती व्यासपीठावरून सांगितलीही आहे. १९३३ साली पंडित ओंकारनाथ ठाकूर इटलीत होते, मुसोलिनीला निद्रानाश जडलेला होता, पंडितजींनी पुरिया गायला आणि त्याला गाढ झोप लागली, अशी ती आख्यायिका. संगीतोपचाराचे मराठीतले बहुतेक लेख आजही तिच्यापासूनच सुरू होतात. पण त्या माणसाची झोप आधी किती रात्री उडाली होती, गाणे किती वेळ चालले, कोणत्या लयीत चालले, दुसऱ्या रात्री काय झाले, यातले काहीही ही गोष्ट सांगत नाही. गायकाची थोरवी सांगणे हा तिचा हेतू आहे आणि तेवढ्यापुरती ती चोख आहे. उपचाराविषयी मात्र तिच्यातून काही शिकता येत नाही.

हे आज लिहायचे कारण असे की, ‘केस स्टडी’ म्हणून आमच्या मासिकाकडे येणारे लेख याच साच्यातले असतात. रुग्ण आला, अमुक राग रोज वीस मिनिटे ऐकवला, दोन महिन्यांत लक्षणीय फरक पडला, नातेवाईक समाधानी आहेत. लिहिणाऱ्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही. ही माणसे विशारद झालेली, वर्षानुवर्षे वृद्धाश्रमांत आणि विशेष मुलांच्या शाळांत नाममात्र मानधनावर जाणारी आहेत. त्यांच्या गाठीला जे आहे ते कागदावर उतरत नाही, याची आम्हाला हळहळ वाटते.

एक उदाहरण जरा सविस्तर घेऊ. समजा, कोथरूडमधल्या एका आजींना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. समोरचे बोललेले त्यांना बरेचसे कळते, पण ‘पाणी’ हा शब्द तोंडातून बाहेर येत नाही. आणि एका संध्याकाळी घरात हरिपाठ सुरू झाल्यावर त्या सबंध अभंग शब्दांसकट म्हणतात. घरचे थक्क होतात, संगीतोपचारक बोलावला जातो.

हे दृश्य फार जुने आहे. स्वीडनमधल्या ओलोफ डालिन यांनी १७४५ साली अशाच एका माणसाची हकिगत लिहून ठेवली: उजवी बाजू लुळी, बोलणे बंद, पण चर्चमधली स्तोत्रे तो स्पष्ट शब्दांत गाऊ शकत होता. पुढे १९७३ साली अमेरिकेत आल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी वाचाघातासाठी ‘मेलोडिक इंटोनेशन थेरपी’ मांडली. रोजच्या वापरातली छोटी वाक्ये दोन-तीन स्वरांत गुणगुणायची, दर अक्षराला डाव्या हाताने टिचकी द्यायची आणि हळूहळू स्वर काढून घेत बोलण्याकडे यायचे. तो मूळ लेख अवघ्या दोन पानांचा, मोजक्या रुग्णांवर आधारलेला होता. त्या दोन पानांतून पुढची पन्नास वर्षे संशोधन होत राहिले, कारण काय केले ते दुसऱ्याला करून पाहता येईल इतके नेमके लिहिलेले होते.

आणि करून पाहिल्यावर चित्र बदलले. २०११ साली बेंजामिन श्टाल आणि सहकाऱ्यांनी वाचाघाताच्या १७ जर्मन रुग्णांना तेच शब्द कधी गायला लावले, कधी फक्त ठेक्यावर म्हणायला लावले. गाण्याचा म्हणून वेगळा फायदा दिसला नाही. ठेक्याचा दिसला, विशेषतः मेंदूच्या आतल्या भागाला इजा झालेल्या रुग्णांमध्ये. आणि सर्वांत मोठा फरक पडला तो शब्द तोंडपाठ असण्यामुळे.

आपण स्वराची माणसे आहोत, त्यामुळे हा निष्कर्ष पचायला जड जातो. पण त्या आजींकडे परत पाहा. हरिपाठात चाल आहे, टाळ आहे, लहानपणापासून पाठ असलेले शब्द आहेत आणि बरोबरीने म्हणणारी घरची माणसे आहेत. यातल्या कशाने त्यांची वाचा मोकळी केली? एका घरात, एका उपचारकाला, कोणत्याही यंत्राशिवाय हे तपासता येते. एक दिवस तोच अभंग चालीवर. एक दिवस चाल न लावता नुसत्या टाळावर. एक दिवस तीच चाल, पण शब्द नवे: ‘मला पाणी हवे’, ‘दार लावून घे’. एक दिवस उपचारक गप्प आणि आजी एकट्या. दर वेळी किती शब्द स्पष्ट आले ते लिहायचे, आणि हा फेरा पुन्हा पुन्हा करायचा, क्रम बदलून, म्हणजे सवयीचा परिणाम वेगळा काढता येईल. शब्द मोजण्याचे काम शक्यतो दुसऱ्या कुणाकडे द्यावे, कारण बरे वाटावे अशी इच्छा असलेला कान जास्त शब्द ऐकतो. घरी येणाऱ्या स्पीच थेरपिस्टला पहिल्या दिवसापासून यात घ्यावे. सहा आठवड्यांनी हाती जे येईल ते कदाचित एवढेच असेल की, आजी टाळावर नवे वाक्य म्हणू शकतात आणि टाळ थांबला की अडखळतात. पण हे एक वाक्य मराठीत आजवर कुणी आधारासह लिहिलेले आमच्या पाहण्यात नाही. इंग्रजी आणि जर्मनसाठी बेतलेले स्वरांचे आराखडे मराठी वाक्याला जसेच्या तसे लागू पडतील असे धरून चालण्याचे कारण नाही, आणि ते इथल्या घरांतच कळणार आहे.

नोंद नेमकी असली की ती लिहिणाऱ्याच्या मतापेक्षा जास्त टिकते. पॉल नॉर्डॉफ हे अमेरिकन संगीतकार आणि क्लाइव्ह रॉबिन्स हे विशेष शिक्षक, यांच्या १९७७ च्या ‘क्रिएटिव्ह म्युझिक थेरपी’ या पुस्तकात एडवर्ड नावाने एका साडेपाच वर्षांच्या मुलाची हकिगत आहे. मुलगा किंचाळत, रडत खोलीत आला. नॉर्डॉफनी त्याला शांत करण्याची खटपट केली नाही. त्याच्या किंचाळण्याचा स्वर पकडून ते पियानोवर वाजवू-गाऊ लागले, आणि थोड्या वेळाने मुलाचे रडणे पियानोच्या स्वरांना उत्तर दिल्यासारखे येऊ लागले. हे सगळे ध्वनिमुद्रित होते, क्षणाक्षणाने लिहिलेले होते. वीसएक वर्षांनी ‘नॉर्डिक जर्नल ऑफ म्युझिक थेरपी’ने तीच हकिगत वेगवेगळ्या विचारांच्या अभ्यासकांपुढे ठेवली, आणि प्रत्येकाला तिच्यात वेगळे काही ऐकू आले. मतभेद होऊ शकले, कारण मतभेद करायला सामग्री होती. आमच्याकडे येणाऱ्या ‘लक्षणीय फरक पडला’ या वाक्याशी कुणी सहमत कसे व्हायचे आणि असहमत तरी कसे?

यावर एक आक्षेप नेहमी येतो: एका माणसावरून काय सिद्ध होते? काही सिद्ध होत नाही, आणि तसा दावा कुणी करू नये. पण मोठ्या चाचण्यांकडेही नीट पाहावे. स्वमग्न मुलांवरची ‘टाइम-ए’ ही चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. नऊ देशांतली ३६४ मुले तिच्यात होती, भारत त्यांत नव्हता. नेहमीच्या उपचारांना उत्स्फूर्त संगीतोपचाराची जोड दिल्याने पाच महिन्यांनंतर मुलांच्या लक्षणांच्या तीव्रतेत फरक दिसला नाही. आपल्या क्षेत्रातल्या अनेकांनी या निकालाकडे पाठ फिरवली, ते आम्हाला मान्य नाही. तो पालकांना सांगितलाच पाहिजे. त्याच वेळी हेही खरे की सरासरीच्या त्या आकड्यात काही मुले पुढे गेलेली असणार आणि काही जागेवर राहिलेली. कोणते मूल का पुढे गेले हा प्रश्न सरासरीतून सुटत नाही. तो विचारायला एकेका मुलाची हकिगत लागते, आणि जागेवर राहिलेल्या मुलाची तर आधी.

लिहिण्याचे साधन आपल्यापाशी पूर्वीपासून आहे. भातखंडे आणि पलुस्कर यांनी आपापल्या स्वरलिपी घडवल्या, शिकवणीच्या वहीत आपण त्या रोज वापरतो, आणि उपचाराच्या नोंदीत मात्र ‘भूप गायला’ एवढेच लिहितो. षड्ज कोणता धरला? रुग्णाच्या आवाजाचा पल्ला पाहून धरला की आपल्या सोयीने काळी एक? लय किती मात्रांची? तानपुरा मोबाइलवरचा की हातातला? मुलाने मध्येच हुंकार दिला तो कोणत्या स्वरावर, आणि त्यावर आपण काय केले? दोन ओळींची स्वरलिपी इथे पानभर विशेषणांपेक्षा जास्त सांगते. अमुक रोगाला अमुक राग असे तक्ते यापुढे या मासिकात छापले जाणार नाहीत. रागाचे नाव म्हणजे औषधाची मात्रा नव्हे. एकच भूप दोन गायकांच्या गळ्यातून दोन वेगळ्या गोष्टी होतो, हे आपल्यापेक्षा कोण जास्त जाणते?

हकिगतीत रुग्णाचे नाव बदलण्याविषयीही बोलले पाहिजे, कारण कोथरूडसारख्या ठिकाणी ते पुरत नाही. ‘डहाणूकर कॉलनीतले निवृत्त बँक अधिकारी, पत्नी संस्कृतच्या शिक्षिका, मुलगा सिएटलला’ एवढे लिहिले की निम्म्या वाचकांना माणूस कळतो. कॉलनी, पेशा, मुलाचे गाव यातले उपचाराला जे लागत नाही ते काढावे, जे लागते ते बदलून लिहावे आणि बदलले आहे हे सांगावे. लेख छापण्यापूर्वी रुग्णाला किंवा कुटुंबाला वाचून दाखवावा आणि नको म्हणण्याची मुभा द्यावी. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये गोपनीयता हा मानसिक आजार असलेल्या माणसाचा हक्क आहे, आणि तोच मान इतर रुग्णांनाही मिळायला हवा. गाणाऱ्या आजींचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर टाकताना ती गोपनीयता रोज मोडली जाते, बहुतेकदा कौतुकाच्या भरात. ज्या क्षणी वाचा गेलेले माणूस गाते तो क्षण त्याचा आहे. तो आपल्या वर्गाच्या जाहिरातीत दिसणे आम्हाला अनुचित वाटते.

अशा नोंदी करण्यासाठी पुण्यात अनुकूल जमीन आहे. पार्किन्सन्स मित्रमंडळासारखे रुग्णांचे आणि कुटुंबीयांचे स्वमदत गट इथे अनेक वर्षे टिकून आहेत, आणि ऋषिकेश पवार यांच्या नृत्यवर्गात पार्किन्सन्सचे शुभार्थी, म्हणजे रुग्ण, नाचायला येतात. अडखळणारे पाऊल ठेक्यावर सुटते हे जगभर मोजून पाहिले गेले आहे. दादऱ्यावर ते जास्त सुटते की केरव्यावर, हे पुण्यातल्या उपचारकाने आणि फिजिओथेरपिस्टने मिळून पाहायचे आहे.

पुढच्या अंकापासून दर महिन्याला एका रुग्णाच्या हकिगतीसाठी चार पाने राखून ठेवत आहोत. यश आले नाही अशा हकिगतींना आधी जागा मिळेल. कोणत्या सत्रानंतर रुग्णाने येणे थांबवले, त्याच्या आधीच्या दोन सत्रांत काय वाजवले-गायले होते, आणि तेव्हा तुमच्या लक्षात काय आले नव्हते, एवढे तरी त्यात असावे. भाषा साधी चालेल, हाताने लिहिलेले चालेल. स्वरलिपी भातखंडे की पलुस्कर पद्धतीची, ते वरच्या कोपऱ्यात लिहा. ध्वनिमुद्रण आमच्याकडे पाठवू नका. ते संमतीपत्रासह तुमच्याजवळच सुरक्षित ठेवा.