हरला तरी आपलाच संघ



पऱ्हे, रोवणी, खताची गोणी आणि धानाचा चुकारा हे आपले नेहमीचे विषय. आज जरा बाजूला सरून पराभवाबद्दल बोलू या. पराभव कुणाचा, तर आपल्या विदर्भाच्या क्रिकेट संघाचा. तुम्ही म्हणाल, भंडाऱ्याच्या धानवाल्याला त्या चेंडूफळीचं काय घेणं? पण घेणं आहे. विदर्भाचे जे अकरा जिल्हे त्यात आपला भंडारा आहे, आणि संघाच्या नावात जिल्ह्याचं नाव नसलं तरी तो हरला की आपल्याही घरात पोरगं जेवणावरून उठून जातं. हे तुम्ही पाहिलं असेल, मीही पाहतो.

आधी या संघाची जुनी स्थिती सांगतो. रणजी करंडकाच्या सामन्यांत विदर्भ उतरला तो 1957-58 साली. तेव्हापासून 2017 उजाडेपर्यंत तो एकदाही उपांत्य फेरीत पोचला नाही. म्हणजे साठ वर्षं! या काळात एका पिढीने रेडिओला कान लावले आणि दुसऱ्या पिढीने पेपरात बारीक अक्षरातला निकाल शोधला. सामना अनिर्णित राहिला तरी आम्ही चाहते पेढे खाल्ल्यासारखे खूश व्हायचो. मोठे संघ आपल्याला सोपा घास समजत, आणि त्यांचं फारसं चुकतही नव्हतं.

मग दिवस पालटले. डिसेंबर 2017 मध्ये कोलकात्याला आपल्या पोरांनी कर्नाटकाला अवघ्या 5 धावांनी हरवलं, आणि 1 जानेवारी 2018 ला इंदूरच्या मैदानावर दिल्लीला 9 गडी राखून हरवून करंडक घरी आणला. पुढच्याच वर्षी नागपुरात सौराष्ट्राला हरवून तो पुन्हा राखला. साठ वर्षं कोरडी पडलेली बोडी एका पावसात भरून वाहावी, तसं झालं.

म्हणूनच मार्च 2024 चा पराभव जास्त लागला. अंतिम सामना मुंबईत, वानखेडे मैदानावर, आणि समोर मुंबईचाच संघ. त्यांच्या घरात आधीच 41 करंडक, आपल्याकडे दोन. तरी सुरुवात आपली होती. मुंबईची अवस्था एकदा 6 बाद 111 अशी होती. तिथून शार्दूल ठाकूरने 75 धावा काढल्या आणि त्यांनी 224 पर्यंत मजल मारली. आपण फलंदाजीला आलो आणि सगळे मिळून 105 वर आटोपलो.

दुसऱ्या डावात मुंबईने 418 केल्या. त्यात मुशीर खानच्या 136. आपल्याकडून हर्ष दुबेने 5 बळी घेतले, पण आपल्यापुढे डोंगर उभा राहिला तो 538 धावांचा. एवढ्या धावा शेवटच्या डावात कोण काढतो? चौथ्या दिवशी संध्याकाळी आपले 5 गडी बाद झाले होते, धावा 248. गावात बहुतेकांनी मोबाईल खिशात टाकले.

पण पाचव्या दिवशी सकाळी कर्णधार अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे मैदानात आले, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत मुंबईला एकही गडी मिळाला नाही. दोघांनी 130 धावांची भागी केली. वाडकरने शतक पुरं केलं. ज्यांनी मोबाईल खिशात टाकले होते त्यांनी ते पुन्हा काढले. मग 353 वर वाडकर बाद झाला, 102 धावा करून, आणि शेवटचे पाच गडी अवघ्या 15 धावांत गेले. सगळे बाद 368. मुंबई 169 धावांनी जिंकली.

त्या संध्याकाळी पारावर जे बोलणं झालं असेल ते मी इथे बसून सांगू शकतो. मैदान त्यांचं, माणसं त्यांची, नशीब त्यांचं. विदर्भाला कोण पुढे जाऊ देतो? मंडळी, आपल्या भागावर अन्याय झाल्याची आपली तक्रार जुनी आहे, आणि इतर बाबतीत तिच्यात तथ्यही असेल. पण या सामन्यात ती लागू पडत नाही. सामना गेला तो पहिल्या डावातल्या 105 धावांत. धानवाल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. रोवणी चुकली की पुढे कितीही निंदण करा, कितीही खत टाका, झालेली तूट पुरती भरून निघत नाही.

मग पाचव्या दिवसाच्या त्या सकाळीला काय अर्थ होता? हरणारच होते, तर दोन-अडीच तास ऊन कशाला खाल्लं? असं विचारणारे भेटतात. त्यांना मी उलट विचारतो, तुडतुड्याने अर्धी बांधी करपली तर उरलेली अर्धी तुम्ही तशीच सोडता काय? तीही कापता, मळता, आणि पुढच्या साली कुठली जात कुठल्या बांधीत घालायची ते त्यातूनच ठरवता. हरत असताना नीट खेळणं हे तसंच काम आहे. त्या दिवशी करंडक मिळाला नाही, पण आपल्याकडे कोण उभं राहू शकतो हे कळलं.

आणि पुढचं पाहा. जानेवारी 2025 मध्ये बडोद्याला एकदिवसीय सामन्यांच्या विजय हजारे करंडकाचा अंतिम सामना होता. तिथे कर्नाटकाने 348 धावा केल्या, आपण 312 पर्यंत गेलो, पुन्हा हरलो. दहा महिन्यांत दोन अंतिम सामने गेले. पण त्याच मोसमात रणजीच्या उपांत्य सामन्यात नागपुरात मुंबईला 80 धावांनी हरवलं, आणि 2 मार्च 2025 ला केरळाविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहून करंडक आपल्याकडे आला. कशाच्या जोरावर? पहिल्या डावातल्या 37 धावांच्या आघाडीवर! जिथे गेलं होतं तिथूनच मिळवलं. कर्णधार तोच वाडकर. आणि वानखेडेवर त्याच्याबरोबर उभा राहिलेल्या हर्ष दुबेने त्या मोसमात 69 बळी घेतले. रणजीच्या एका मोसमात इतके बळी त्याआधी कुणीही घेतले नव्हते.

यावरून, हरलं की पुढच्या साली जिंकतोच, असा हिशेब कुणी करू नये. तसं असतं तर साठ वर्षं कोरडी गेली नसती. त्या साठ वर्षांत किती पोरं खेळली आणि करंडक न बघताच घरी बसली! त्यांची नावंही आपल्याला आठवत नाहीत. तरी ती खेळली, म्हणून पुढच्यांना संघ मिळाला. एका धुऱ्यामागे किती पिढ्यांची माती असते, ते आपल्याला ठाऊक आहे.

चाहत्याचं काम काय, तेही आपल्या मातीतच शिकायला मिळतं. आपल्याकडे शंकरपट भरतो. जोडी हरली म्हणून कुणी शहाणा मालक बैल पटावर सोडून येत नाही. घरी आणतो, पाय धुतो, अंग पुसतो, ढेप घालतो. पाय कुठे अडला, धुरकऱ्याने कासरा कधी ओढला, ही चर्चा दुसऱ्या दिवशी. आधी दावण, मग हिशेब.

आता घरातलं बोलतो. मंडईच्या दिवसांत आपल्या गावोगावी कबड्डीचे सामने होतात. पोरगं तालुक्याला खेळायला जातं, हरून येतं. पोरगीही जाते आता, चांगलं आहे. त्या रात्री आपण दारातच सुरू करतो, "सांगितलं होतं, त्यापेक्षा म्हशीला चारा टाकला असता तर बरं झालं असतं." शेजारचा ऐकतो, हसतो. पोरगं पुढच्या वर्षी नाव देत नाही. दहावीच्या निकालाच्या दिवशीही आपण असंच बोलतो, आणि तिथे नुकसान याहून मोठं होतं. काही घरांत तर ते भरून निघण्यासारखंच राहत नाही.

तेव्हा बाबांनो आणि बाईंनो, तेवढी एक रात्र जीभ आवरा. गरम पाणी द्या, ताट वाढा, गुडघा फुटला असेल तर हळद लावा. सकाळी गोठ्यात काम करताना सहज विचारा, "डाव कुठे फिरला रे?" पोरगं स्वतःच सांगेल, आणि खरं सांगेल. ते सांगत असताना मध्ये बोलू नका.

विदर्भाचा संघ पुन्हा हरेल, कारण खेळणारा हरतोच. त्या दिवशी पारावर कुणी नशिबाला बोल लावू लागला, तर त्याला पहिल्या डावाच्या धावा विचारा.