दुकान एक, शाळा दोन

काळबादेवी-भुलेश्वरच्या बाजारपेठेत एकाच पेढीशी बांधलेली दोन मुले सकाळी दोन दिशांना निघतात. मालकाचे मूल खासगी इंग्रजी शाळेत जाते, कामगाराचे महापालिकेच्या. एके काळी या परिसरातील अनेक व्यापारी कुटुंबांची मुले गुजराती माध्यमात शिकत. पुढे कुटुंबे उपनगरांत गेली, इंग्रजीची ओढ वाढली आणि ते वर्ग ओस पडत गेले. मुंबई महापालिका आजही आठ भाषांतून शिक्षण देते. मात्र तिच्या बाकांवर मुख्यतः कष्टकऱ्यांची मुले असतात.

यावरून ‘या शाळांना दर्जा नाही’ असे म्हणणे घाईचे ठरेल. भांडवल न विचारता दोन पेढ्यांच्या नफ्याची तुलना कोणी जाणता व्यापारी करीत नाही. परीक्षेच्या गुणांतही घराचे भांडवल मिसळलेले असते: स्वतंत्र खोली, शिकवणी, शिकलेले आईवडील. शाळेचा कस पाहायचा, तर मूल कोठून निघाले आणि वर्षभरात कोठवर पोहोचले, हे पाहावे लागते.

दर्जाची हानी वेगळ्या वाटेने होते. जाब विचारू शकणारे पालक निघून गेले की गळके छप्पर आणि शिक्षकाची रिकामी खुर्ची यांबद्दल विचारणारे कोणी उरत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, असे ठरविले. अल्पसंख्याक संस्था वगळता खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या वर्गातील २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी ठेवल्या. एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेला यातून सूट देण्याचा राज्य शासनाचा फेब्रुवारी २०२४ चा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत रद्द केला.

पण समितीत जागा मिळणे निराळे आणि सभेला जाता येणे निराळे. रोजंदारी बुडवून शाळेत जाणे कामगाराला परवडत नाही. जून महिन्यात वह्यावाटप करणाऱ्या पेढ्या पुष्कळ आहेत. त्याच पेढ्यांनी आपल्या कामगाराला पालकसभेच्या दिवशी अर्धा दिवस भरपगारी सुट्टी दिली, तर त्या शाळेला प्रश्न विचारणारा एक पालक परत मिळेल. वही वर्षभरात भरते. विचारण्याची सवय पुढच्या पिढीलाही पुरते.