कंबरदुखीच्या रुग्णाचा खुबा तपासा

मार्चमध्ये उन्हाळ कांद्याची काढणी सुरू होते आणि मे संपेपर्यंत लासलगावच्या बाजार समितीत ट्रॅक्टरच्या रांगा लागतात. याच दिवसांत निफाड तालुक्यातल्या दवाखान्यांत कंबर धरून येणाऱ्यांची संख्या वाढते. काढणी करणाऱ्या बाया, खळ्यावरचे हमाल, दिवसभर ट्रॅक्टरवर बसलेले शेतकरी, सगळ्यांची तक्रार एकच असते. आपले उत्तरही बहुधा ठरलेले असते: वेदनाशामक इंजेक्शन, आठवड्याच्या गोळ्या, कंबरेचा पट्टा आणि तेवढ्याने भागले नाही तर कंबरेचा एमआरआय. अहवालात एखादी गादी फुगलेली दिसते, रुग्णाला ‘मणक्यात गॅप आहे’ असे सांगितले जाते आणि निदान तिथेच संपते. या सगळ्या वाटचालीत त्याचा खुबा कोणी हलवूनही पाहिलेला नसतो.

हे बदलायला हवे. कंबरदुखीच्या प्रत्येक प्रौढ रुग्णाचे दोन्ही खुबे पहिल्याच भेटीत तपासले गेले पाहिजेत. त्याला यंत्र लागत नाही, वेगळी फी लागत नाही, दोन-तीन मिनिटे लागतात. फिजिओथेरपिस्ट, फॅमिली डॉक्टर, ग्रामीण रुग्णालयातला वैद्यकीय अधिकारी, कोणालाही हे जमण्यासारखे आहे.

लासलगावचे उदाहरण घेण्याला कारण आहे. देशातल्या कांद्याचा भाव जिथे ठरतो त्या या गावातले जवळजवळ प्रत्येक काम खुब्याची परीक्षा पाहणारे आहे. रोपांची लागण कंबरेत वाकून होते. काढणी आणि पात कापणे उकिडवे बसून, तसेच पुढे सरकत होते. खळ्यावर प्रतवारी करणाऱ्या बाया तासन्‌तास एका बैठकीत कांदा निवडतात. हमाल साधारण ५० किलोची गोणी पाठीवर घेऊन ट्रकच्या फळीवर चढतो. वाकणे असो, उकिडवे बसणे असो वा ओझे घेऊन चढणे असो, ही हालचाल खुबा आणि कंबर मिळून करतात. खुब्याने आपला वाटा उचलला नाही तर तो कंबरेवर पडतो.

खुब्याची झीज झाली की सर्वांत आधी मांडीचे आतल्या बाजूला वळणे, म्हणजे इंटर्नल रोटेशन, कमी होते. पुढे खुबा पूर्ण सरळ होईनासा होतो. असा रुग्ण उभा राहिला की त्याचे ओटीपोटाचे हाड पुढे कलते आणि तोल सांभाळण्यासाठी कंबरेचा बाक वाढतो. मणक्यांच्या मागच्या छोट्या सांध्यांवर, फॅसेट जॉइंटवर, दिवसभर जादा दाब येतो. चालताना पाय मागे जात नाही, त्यामुळे प्रत्येक पावलाला कंबर मागे ताणली जाते. वाकताना याच्या उलट घडते. खुबा पुरेसा मिटत नाही आणि राहिलेले वाकणे कंबरेला पुरे करावे लागते. त्यात दुखऱ्या बाजूचे कुल्ल्याचे स्नायू दुबळे होतात, माणूस लंगडतो आणि कंबर दर पावलाला बाजूला झुकते. काढणीच्या हंगामात अशी किती पावले पडतात आणि किती वेळा वाकावे लागते, हे शेतकऱ्यांत वावरणाऱ्या वाचकांना सांगायला नको.

दुसरी अडचण वेदनेच्या जागेची आहे. खुब्याचे दुखणे जांघेतच जाणवते असे आपण शिकलो. ते अर्धेच खरे आहे. खुब्यात भुलीचे औषध सोडून ज्यांचे दुखणे थांबले अशा ५१ रुग्णांच्या वेदनेच्या जागा २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नोंदवल्या गेल्या. जांघेत दुखणारे ५५ टक्के होते, तर कुल्ल्यात दुखणारे ७१ टक्के. २२ टक्क्यांना गुडघ्याच्या खालीही कळ जात होती. कुल्ल्यापासून पिंढरीपर्यंत जाणारी कळ ऐकली की आपण लगेच सायटिका म्हणून मोकळे होतो. तसे म्हणण्याआधी हे आकडे आठवावेत.

हे नाते वैद्यकाला नवे नाही. ऑफियरस्की आणि मॅकनॅब यांनी १९८३ साली त्याला ‘हिप-स्पाइन सिंड्रोम’ असे नाव दिले आणि त्याचे चार प्रकार केले. पहिल्यात दुखण्याचे मूळ एकाच जागी असते. दुसऱ्यात खुबा आणि मणका दोन्ही बिघडलेले असून दोन्ही दुखतात. तिसऱ्यात एकाचा बिघाड दुसऱ्याला दुखवतो. चौथ्यात मूळ एकीकडे असते आणि उपचार दुसरीकडे चालतात. त्यांना वेगळा चौथा प्रकार करावा लागला, कारण अशी चूक वारंवार होत होती. चाळीसहून अधिक वर्षे उलटली तरी ती होतेच आहे.

खुबा सुधारला तर कंबर सुधारते का, याचे उत्तर सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेने बरेचसे दिले. बेन-गालिम आणि सहकाऱ्यांनी २००७ साली खुब्याची तीव्र झीज असलेल्या २५ रुग्णांचा अभ्यास मांडला. सांधा बदलल्यावर त्यांच्या खुब्याबरोबर कंबरेचे दुखणेही कमी झाले. पुढे परवीझी यांच्या गटाने २०१० साली ३४४ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेपूर्वी जवळजवळ निम्म्यांना कंबरदुखी होती आणि त्यांतल्या सुमारे दोनतृतीयांश लोकांची ती नंतर गेली. उरलेल्या एकतृतीयांशांची गेली नाही, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. खुबा हे प्रत्येक कंबरदुखीचे कारण नसते आणि तसा दावा कोणी करू नये. तो तपासायचा राहू नये, एवढेच म्हणणे आहे.

एमआरआयवर विसंबणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कंबर मुळीच न दुखणाऱ्या लोकांच्या चित्रांचा २०१५ साली एकत्र आढावा घेतला गेला. विशीतल्या ३७ टक्के लोकांत गादीची झीज दिसली आणि पन्नाशीतल्या ८० टक्क्यांत. म्हणजे पन्नाशीच्या हमालाच्या चित्रात काहीच न सापडणे हीच नवलाची गोष्ट. सापडलेला दोष आणि होणारे दुखणे यांचा मेळ तपासणीच्या टेबलावर घालावा लागतो. त्यात कंबरेच्या नेहमीच्या चित्रात खुबा येतच नाही. जो सांधा पाहिलाच नाही तो अहवालात कसा येणार?

तपासणीचा क्रम साधा आहे. आधी रुग्णाला दुखते ती जागा हाताने दाखवायला सांगावे. अंगठा आणि बोटांनी खुब्याला पुढून-मागून कवेत घेऊन दाखवणारा हात लक्षात ठेवावा. मग रोजच्या जगण्यातले प्रश्न विचारावेत. मोटरसायकलवर टांग टाकताना त्रास होतो का? मांडी घालून जेवायला बसता येते का? पायाची नखे कापता येतात का? ट्रॅक्टरवर चढताना कोणता पाय आधी टाकता? या चार उत्तरांत खुब्याचे अर्धे निदान होते.

नंतर चाल पाहावी, एका पायावर उभे करून ट्रेंडेलेनबर्ग चाचणी करावी. पाठीवर झोपवून पाय नुसता लाटल्यासारखा आत-बाहेर फिरवावा. खुबा आणि गुडघा ९० अंशांत वाकवून इंटर्नल रोटेशन मोजावे आणि दोन्ही बाजू ताडून पाहाव्यात. थॉमस चाचणीने खुबा सरळ होतो की नाही ते कळते. स्ट्रेट लेग रेझ, पायातली ताकद, संवेदना आणि रिफ्लेक्स यांनी मणक्याची बाजू तपासली जाते. लंगडणे, जांघेतले दुखणे आणि कमी झालेले इंटर्नल रोटेशन ही तीन लक्षणे खुब्याकडे बोट दाखवतात, असे २००४ सालच्या एका तुलनात्मक अभ्यासात दिसले होते. अमेरिकन कॉलेज ऑफ र्‍हुमॅटॉलॉजीचे १९९१ चे निकषही दवाखान्यात वापरण्यासारखे आहेत. त्यानुसार खुबा दुखतो आणि इंटर्नल रोटेशन १५ अंशांपेक्षा कमी व खुबा वाकणे ११५ अंश किंवा त्याहून कमी असेल, तर झिजेचा संशय पक्का धरावा. अशा वेळी दोन्ही खुबे दिसतील असा ओटीपोटाचा साधा एक्स-रे आधी काढावा. तरीही उलगडा झाला नाही तर खुब्यात भुलीचे इंजेक्शन देऊन दुखणे थांबते का ते तज्ज्ञाकडून पाहून घेता येते.

आपल्या भागात आणखी सावध राहावे लागते. वयाबरोबर होणारी खुब्याची झीज युरोपात जितकी आढळते तितकी आपल्याकडे आढळत नाही. आपल्याकडे गुडघा अधिक झिजतो. पण खुबा बिघडवणारी दुसरी कारणे इथे भरपूर आहेत. रक्तपुरवठा तुटून मांडीच्या हाडाचे डोके खचणे, म्हणजे एव्हीएन, हे त्यांतले मोठे कारण. कोविडमध्ये स्टिरॉइड घेतलेल्या तीन रुग्णांना एव्हीएन झाल्याची नोंद मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०२१ साली केली होती. कंबरदुखीसाठी वारंवार टोचली जाणारी स्टिरॉइडची इंजेक्शने आणि बिनलेबलच्या पुड्या हाच धोका गावोगाव पसरवतात. कंबर म्हणून दिलेले औषध खुबा खाऊन टाकते, याहून वाईट उपचार कोणता? दारूचा इतिहासही विचारावा. सुरगाणा आणि पेठ भागातून निफाडकडे मजुरीला येणाऱ्या आदिवासी तरुणाचा खुबा दुखत असेल तर सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. पहाटे ताठर होऊन चालल्यावर मोकळी होणारी तरुण कंबर अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसची असू शकते. रात्रीचा ताप आणि घटणारे वजन असेल तर खुब्याचा किंवा मणक्याचा क्षयरोग मनात हवा. लघवी-शौचावरचा ताबा जाणे किंवा पायातली ताकद झपाट्याने कमी होणे दिसले तर रुग्णाला त्याच दिवशी पुढे पाठवावे.

उपचारांत अवास्तव आश्वासने नकोत. ऑस्ट्रेलियात १०२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खुब्याच्या झिजेसाठीची फिजिओथेरपी लुटुपुटीच्या उपचारापेक्षा सरस ठरली नाही. आपल्या व्यवसायाला हा निष्कर्ष रुचणारा नाही, म्हणूनच तो समोर ठेवून काम केले पाहिजे. ब्रिटनच्या नाइस संस्थेची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे झिजेच्या प्रत्येक रुग्णाला व्यायाम सुचवतात, पण तो त्या माणसाच्या गरजेनुसार बेतलेला असावा असेही सांगतात. आपण नेमके तेच करायचे आहे. कुल्ल्याच्या स्नायूंची ताकद वाढवणे, खुबा सरळ होण्याची मोकळीक टिकवणे आणि वजन जास्त असेल तर ते उतरवणे हा पाया. काठी दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात धरायला शिकवावी. कामात बदल सुचवावेत: प्रतवारीसाठी जमिनीऐवजी उंच पाट किंवा टेबल, दर अर्ध्या तासाला उठून चार पावले, गोणी उचलायला दोघे. हंगामात ‘महिनाभर विश्रांती घ्या’ असा सल्ला मजूर पाळू शकत नाही. अर्धा दिवस निवड आणि अर्धा दिवस उभ्याचे काम, ही वाटणी तो मुकादमाकडे मागू शकतो.

सांधा बदलण्याची वेळ आलीच तर आधी खुबा की आधी मणका, हा प्रश्न शल्यविशारदापुढे मांडावा. नस दबून ताकद जात नसेल तर बहुधा आधी खुब्याचा विचार होतो. मणके जोडण्याची शस्त्रक्रिया आधी झालेली असेल तर ओटीपोटाचे हाड बसताना नीट मागे कलत नाही आणि बदललेला सांधा निखळण्याचा धोका वाढतो. खाली बसण्याची सवय असलेल्या आपल्या रुग्णांसाठी ही माहिती चिठ्ठीत ठळकपणे गेलीच पाहिजे.

आता प्रश्न कामाचा. ब्रिटनमध्ये १९९२ साली क्रॉफ्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवले की दहा वर्षांहून अधिक काळ शेती केलेल्या पुरुषांत खुब्याच्या झिजेची शक्यता बैठे काम करणाऱ्यांच्या नऊ पटींच्या आसपास होती. जर्मनीने २०२१ पासून ओझी उचलण्याने होणाऱ्या खुब्याच्या झिजेला व्यवसायजन्य आजार मानले आहे. अट अशी की त्या माणसाने किमान २० किलोची ओझी दिवसातून किमान दहा वेळा हाताळलेली असावीत आणि आयुष्यभरात त्यांची बेरीज ९,५०० टनांवर गेलेली असावी. दिवसाला ५० किलोच्या शंभर गोण्या उचलणारा हमाल धरा. ते पाच टन होतात. वर्षाला २५० दिवस काम मिळाले तर आठ वर्षांच्या आत तो ही बेरीज ओलांडतो. परदेशातल्या कामगारांवरून ठरवलेली मर्यादा इथल्या शरीराला तंतोतंत लागू होईल असे नाही, पण एवढ्या ओझ्याखाली काम करणाऱ्याचा खुबा न तपासण्याला कोणतीही सबब उरत नाही.

महाराष्ट्राने माथाडी कायदा १९६९ सालीच केला. पुण्यात हमालांची संघटना उभारणारे डॉ. बाबा आढाव स्वतः दवाखाना चालवणारे वैद्य होते. श्रमिकाचे शरीर हा वैद्यकाचा विषय आहे, हे या राज्याला नव्याने शिकवावे लागू नये. बाजार समिती आणि माथाडी मंडळांनी वर्षातून एकदा हमालांच्या आणि खळ्यावरच्या बायांच्या कंबर-खुब्याची तपासणी ठेवावी. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून याच जिल्ह्यात आहे. त्याच्याशी संलग्न फिजिओथेरपी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी प्रबंधासाठी लासलगावची खळी निवडावीत, त्यांच्या मार्गदर्शकांनी त्यांना तिकडे पाठवावे.

तोवर आपल्या हातात असलेले काम आजपासून करू. केसपेपरवर कंबरदुखीखाली एक ओळ वाढवा: उजवा खुबा, डावा खुबा, इंटर्नल रोटेशन किती अंश आणि दुखते की नाही. ही ओळ भरल्याशिवाय एमआरआयची चिठ्ठी लिहायची नाही आणि स्टिरॉइडची सुई उचलायची नाही, असा नियम प्रत्येकाने आपल्या दवाखान्यापुरता घालून घ्यावा. कांद्याच्या एका हंगामात जमलेल्या या नोंदी आमच्याकडे पाठवा. रुग्णांची ओळख वगळून आम्ही त्या छापू, आणि बाजार समितीशी बोलताना आपल्या हाती आपल्याच भागातला पुरावा असेल.