सरकी, चुनी आणि रिकाम्या खोलीतला कूलर

अकोल्याच्या जिनिंगमध्ये क्विंटलभर कापसातून रुई निघते जेमतेम 34-35 किलो. उरते ती बहुतेक सरकी. तिचं तेल, मग ढेप, आणि ढेप थेट गोठ्यात. दालमिलवालेही तुरीची चुनी फेकत नाहीत. असे काटेकोर आपण कचेरीत मात्र सैल सुटतो. साहेब जेवायला गेले तरी कूलर पाणी पीत घरघरतच असतो, तोही नळाला रोज पाणी नसलेल्या गावात!

म्हणून या उन्हाळी अंकात आम्ही कामाच्या जागेवरची नासाडी घेतली आहे. पर्यावरण दिनाच्या भाषणांना आम्हीही कंटाळलोय. त्यामुळे उपदेश नाही, शिपायापासून मालकापर्यंत कोणतं बटण कोणाच्या हाती, एवढंच पाहिलंय. अमरावती-अकोल्याच्या वाचकांनो, तुमच्या दुकानात, शाळेत, बँकेत काय वाचलं ते लिहा. जे जमलं नाही तेही कळवा. ती पत्रं आम्ही आधी छापू.