रोजा सुटतो, व्यसन का सुटत नाही?

मगरिबच्या अजानला पाच-सात मिनिटं उरलेली असतात. दस्तरखानावर खजूर, कापलेली फळं, भजी, सरबत मांडलेलं असतं. सगळ्यांची नजर घड्याळाकडे. आमच्या शेजारचे रिक्षावाले भाई मात्र खजुराआधी शर्टाचा खिसा चाचपतात. तंबाखूची पुडी जागेवर आहे ना, याची खात्री करून घेतात. सेहरीपासून त्यांनी तिला हात लावलेला नसतो. इफ्तार होते, नमाज होते आणि पुडी उघडते.

एकदा त्यांची बायको मला म्हणाली, "भाईजान, दिवसभर राहता येतं ना यांना? मग बाकीचे अकरा महिने काय होतं?"

त्या रागाने बोलल्या, पण प्रश्न खरा होता. डोंबिवलीचे माझे एक मित्र हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतात. त्यांचा भाऊ श्रावणात बाटलीला शिवत नाही. गणपती गेले की पुन्हा सुरू. म्हणजे प्रश्न एका धर्माचा नाही. आणि आपण सगळे त्याला एकच उत्तर देतो: "मनाचा निग्रह कमी पडतो."

मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. आता वाटत नाही. ज्याचा निग्रह कमी, तो उन्हातान्हात रिक्षा चालवत तीस रोजे कसे पुरे करील? फरक दुसरीकडे आहे. रमजानमध्ये उठण्याची, खाण्याची, नमाजची वेळ ठरलेली असते. मोहल्ल्यातले सगळे तेच करत असतात, म्हणून सोबत असते. घरचे कौतुक करतात. आणि आपण हे का करतोय, हे माणसाला ठाऊक असतं. ईद झाली की हे सगळं एका दिवसात विरून जातं. माणूस व्यसनातून सुटलेला नसतो, फक्त थांबलेला असतो. ती वेळ, ती सोबत आणि ते 'का' उरलेल्या अकरा महिन्यांसाठी एकेका माणसाबरोबर बसून उभं करणं, हे व्यसनमुक्ती समुपदेशकाचं काम. आणि ते शिकावं लागतं.

नुसत्या चांगल्या मनाने किती धोका होतो, याचं एक उदाहरण देतो. आमच्यात "आपल्याकडे कुणी पीत नाही" असं म्हणायची रीत आहे. त्यामुळे पिणारा लपून पितो आणि रमजान लागला की घरचे कसम घालून एका दिवसात बंद करायला लावतात. पण रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, भास होतात, फिट येऊ शकते. जीवही जाऊ शकतो. घरच्यांना वाटतं, नाटक करतोय, किंवा बाहेरची बाधा झाली. शिकलेला समुपदेशक अशा वेळी उपदेश करत बसत नाही, आधी डॉक्टरकडे पाठवतो. आपलं काम कुठे संपतं, हे त्याला शिकवलेलं असतं.

दुसरा धडा बोलण्याचा. आपण म्हणतो, "सोड, नाहीतर घर सोड." अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ साली वेगळी रीत मांडली. रुग्णाशी वाद घालायचा नाही. त्याला विचारायचं, पिण्याने तुला काय मिळतं आणि तुझं काय जातं? सोडण्याची कारणं त्याच्याच तोंडून येऊ द्यायची. आज ही रीत जगभर शिकवतात. तिसरा धडा घसरण्याचा. सोडलेला माणूस पुन्हा घेतो, तेव्हा घरच्यांना वाटतं, सगळं संपलं. समुपदेशक विचारतो, त्या दिवशी नेमकं काय झालं होतं? तौबाचा दरवाजा बंद होत नाही असं आपण मानतो, मग घसरलेल्यासाठी घराचा दरवाजा का लावतो?

हे शिक्षण आपल्या भागाला परकं नाही. समाजकार्याचं शिक्षण देणारी देशातली पहिली संस्था, आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, १९३६ साली सुरू झाली ती नागपाड्यात, मुस्लिम वस्तीच्या मधोमध. फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्यात कृपा फाउंडेशन सुरू केलं. ते स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर आलेले. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण उभं केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने. तिथे बरे झालेले अनेक जण पुढे समुपदेशक झाले. आणि आपल्या ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली आयपीएच सुरू केली.

तरीही माणसं कमी पडतात. एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार, दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळतात. बाकीचे ३७ आपल्याच चाळींत आणि गल्ल्यांत असतात.

त्यांच्यापर्यंत कोण पोहोचणार? एमएसडब्ल्यू करायचं तर आधी पदवी, मग दोन वर्षं आणि रोजची लोकल. ज्यांना हे काम सर्वांत आधी कळेल, ती माणसं इथेच गळतात: चार वर्षं दारूपासून दूर राहिलेला ड्रायव्हर, नवऱ्याचं व्यसन सोसून शहाणी झालेली बारावी पास बाई, मुंब्र्याची किंवा भिवंडीची हुशार मुलगी, जिला लांब पाठवायला घरचे तयार नाहीत. अमेरिकेत गावोगावच्या कम्युनिटी कॉलेजात अशांसाठीच दोन वर्षांपर्यंतचे अभ्यासक्रम असतात. नोकरी सांभाळून शिकायचं, सोबत केंद्रात प्रत्यक्ष काम करायचं. आपल्याकडेही विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ ते १७ च्या पंचवार्षिक योजनेत कम्युनिटी कॉलेजची योजना आणली होती. म्हणजे कल्पना सरकारलाही नवी नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवली, मुंब्रा, भिवंडीच्या कॉलेजांनी संध्याकाळचा एक वर्षाचा वर्ग चालवावा, मनोविकारतज्ज्ञ आणि अनुभवी केंद्रांच्या देखरेखीखाली.

अर्धवट शिकलेले समुपदेशक घात करतील, अशी शंका कुणी काढेल. ती रास्त आहे, म्हणून देखरेखीची अट. पण आज अजिबात न शिकलेले लोक हे काम करतातच: कुणी ताईत बांधतो, कुणी अंगारा देतो, कुणी खोलीत डांबून मारतो. त्यापेक्षा वर्षभर शिकलेला माणूस नक्कीच बरा.

रमजानमध्ये आपण जकातीचा हिशेब करतो. अशा एखाद्या गरजू विद्यार्थ्याची फी त्यातून देता येईल का, हे आपल्या आलिमांना जरूर विचारा; नसेल, तर सदका आहेच. गणेशोत्सव मंडळांनी, चर्चने, गुरुद्वाऱ्याने एकेक विद्यार्थी घेतला, तर पाच वर्षांत प्रत्येक वॉर्डात एक शिकलेला माणूस असेल. तोवर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तंबाखूसाठी १८००-११-२३५६. नंबर भिंतीवर लिहून ठेवा, घरात कुणी घेत नसलं तरी.

भाभींना त्या संध्याकाळी मी काही उत्तर देऊ शकलो नव्हतो. यंदा चांदरातीला भाईंकडे जाणार आहे. गळाभेट, मुबारकबाद झाली की विचारीन, "महिनाभर दिवसा राहिलात. आता ईदच्या दुसऱ्या दिवशी माझ्यासोबत समुपदेशकाकडे येता का?" ते नाही म्हणतील, हे मला माहीत आहे. मी वाद घालणार नाही. पुन्हा विचारीन.